औटकी येत नाही म्हणून नातू ढ ठरतो का?

नॉर्वेतल्या तरुणांचा बुद्ध्यंक घसरत असल्याची बातमी व्हॉट्सॲपवर पुन्हा एकदा फिरली आणि त्याबरोबर माझ्याकडे प्रश्नही आले. त्यांतले पाच निवडले आहेत.

प्रश्न : माझे वडील चौथी पास. पावकी, निमकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. नातू इंजिनिअरिंगला आहे, पण सतरा आठे विचारलं की मोबाइल काढतो. पिढीगणिक बुद्धी उतरतेय, दुसरं काय? (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, सतरा आठे छत्तीसासे (१३६) मलाही चटकन येतं, पण औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, मी विसरलो. कारण ती मला कधी लागलीच नाही. तुमच्या वडिलांना लागायची. साडेतीन आण्याला शेर या भावाने नऊ शेर गूळ घेतला तर नऊ औटे साडेएकतीस आणे. त्यातून रुपयाचे सोळा काढले की एक रुपया साडेपंधरा आणे. हा हिशेब दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या करायचा, नाहीतर वाणी टोपी घालणार. एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे आले, मागोमाग किलो-ग्रॅम आले आणि औटकीचं कामच संपलं. बुद्धी गेली नाही, गिऱ्हाईक गेलं.

तरी नातवाची पूर्ण बाजू मी घेणार नाही. सतरा आठे मोबाइलवर काढताना बोट घसरून १३६० आलं, तर 'हे कसं शक्य आहे?' असं त्याच्या मनात यायला हवं. तो अंदाज पाढ्यांच्या सरावातून येतो, आणि सराव सुटला की जातो. ही खरी हानी आहे. पण तिला बुद्धीचा ऱ्हास म्हणता येणार नाही.

प्रश्न : मग नॉर्वेची बातमी खोटी का? (वाचक, डोंबिवली)

खोटी नाही, अर्धी आहे. आधीचा अर्धा भाग असा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांचा सरासरी बुद्ध्यंक जवळजवळ १४ गुणांनी वाढला. म्हणजे दशकाला साधारण ३. पुढे इतर अनेक देशांतही असंच दिसलं.

आता हाच हिशेब उलटा चालवला, तर १९०० सालचा सामान्य माणूस आजच्या मापाने (ज्यात सरासरी १०० धरतात) सत्तरच्या आसपास येईल. म्हणजे आपले पणजोबा मतिमंद होते? असं म्हणणाऱ्याने शेती एक हंगाम करून दाखवावी! इथे मला रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया आठवतात. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ते उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. तिथल्या निरक्षर शेतकऱ्यांना त्यांनी विचारलं : अति उत्तरेला, जिथे बर्फ असतो, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या उत्तरेला आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? एकाचं उत्तर साधारण असं होतं : मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलं नाही, ज्या मुलखात जे जनावर, ते तिथलं. चाचणीत याला शून्य. पण जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर जीभ न टाळ्याला लावणारा हा माणूस व्यवहारात किती शहाणा असेल! शाळा आपल्याला नेमकं उलटं शिकवते. न पाहिलेल्या गोष्टीही 'समजा' म्हणून मानायच्या आणि पुढे तर्क चालवायचा. चाचण्या बऱ्याच अंशी हेच 'समजा' मोजतात. शाळा वाढल्या, गुण वाढले.

आता बातमीतला अर्धा भाग. नॉर्वेत सक्तीच्या लष्करी सेवेआधी मुलांची चाचणी होते : अंकगणित, समानार्थी शब्द, आकृत्यांचे क्रम. १९६२ ते १९९१ या काळात जन्मलेल्या सात लाखांहून अधिक मुलग्यांचे गुण २०१८ मध्ये ब्रात्सबर्ग आणि रोगेबर्ग या दोन संशोधकांनी तपासले. १९७५च्या सुमारास जन्मलेल्यांपर्यंत चढ, त्यानंतर उतार, पिढीला साधारण ७ गुणांचा. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की हाच चढ आणि हाच उतार त्यांना एकाच घरातल्या सख्ख्या भावांमध्येही दिसला. आईबाप तेच, रक्त तेच, तरी काही वर्षांनी जन्मलेला धाकटा मागे. म्हणजे दोष वंशाचा नाही, काळाचा आहे. काळातलं नेमकं काय बदललं, शाळा, वाचन, पडदे की आणखी काही, हे त्या अभ्यासातून सुटं करता आलेलं नाही. मोबाइलवर खापर फोडणाऱ्यांनी एवढं मात्र ध्यानात घ्यावं की उताराच्या सुरुवातीची मुलं चाचणीला बसली तेव्हा स्मार्टफोन जन्मालाही आला नव्हता.

प्रश्न : शिकलेल्यांना एक मूल, न शिकलेल्यांना चार. अशाने समाजाची बुद्धी घसरणारच ना? (डॉक्टर, सोलापूर)

डॉक्टरसाहेब, ही भीती शंभर वर्षं जुनी आहे आणि तिची एकदा मोठी परीक्षाही झाली आहे. स्कॉटलंडमध्ये १९३२ साली अकरा वर्षांच्या जवळपास सगळ्या मुलांची चाचणी घेतली होती. घसरण होतेय का हे पाहायला १९४७ मध्ये तीच चाचणी पुन्हा घेतली. ७६ पैकी सरासरी ३४.५ होती, ती ३६.७ झाली! शास्त्रज्ञ घसरण मोजायला गेले आणि वाढ घेऊन परतले. आनुवंशिकतेचा परिणाम अगदीच शून्य नसेल, पण दोन-तीन पिढ्यांत तो इतका बारीक असतो की शाळा, आहार आणि औषधं त्याला सहज झाकून टाकतात. आणि 'कोणी मुलं जन्माला घालावीत' या विचाराने विसाव्या शतकात कुठवर मजल मारली ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : मोठ्याचा बुद्ध्यंक ११८ आला होता, धाकट्याचा १०९. धाकटा खरंच कमी आहे का? (आई, नाशिक)

ताई, आधी दोन्ही अहवालांवर चाचणीचं नाव बघा. मराठी आणि कन्नड मुलांसाठी वि. वि. कामतांनी केलेली बिने-कामत चाचणी, किंवा नागपूरला मॅलिन यांनी १९६९ मध्ये केलेली भारतीय चाचणी, या अजूनही वापरात आहेत. जुन्या मापावर आजची मुलं सहसा जास्त भरतात, नव्या चाचणीवर तीच मुलं खाली येतात. मोठ्याला जुना शेर लावला असेल आणि धाकट्याला नवा किलो, तर तुलनाच चुकीची. शिवाय चार-पाच गुण इकडेतिकडे होणं हे कोणत्याही चाचणीत चालतंच. धाकट्याला हा आकडा सांगितला नसेल, तर सांगू नका.

प्रश्न : सून गरोदर आहे. बाळाच्या बुद्धीसाठी ब्राह्मी द्यावी की बदाम? (आजी, कुडाळ)

आजी, बदाम खाऊ देत. ब्राह्मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पण आधी मिठाची पिशवी बघा. पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं, आणि ते फार कमी पडलं तर झालेलं नुकसान पुढे भरून निघत नाही. हल्ली घरोघरी सैंधव आलंय. त्यात पुरेसं आयोडीन असेलच असं नाही. म्हणून सुनेच्या स्वयंपाकात आयोडीनचं साधं मीठच असू दे. प्रमाण नेहमीचंच, जास्त नको. आयोडीन उडून जाऊ नये म्हणून डब्याला घट्ट झाकण लावा, तो शेगडीपासून लांब ठेवा, आणि आमटीत मीठ शेवटी घाला.