हे वचनात कोठे आहे?

प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

रविवारी उपासनेनंतर तू मागे थांबलास आणि घुटमळत सांगितलेस, की बाहेरून आलेल्या एका सेवकाने तुझ्या डोक्यावर हात ठेवून, "ही नोकरी सोड आणि माझ्याबरोबर सेवेत ये, असे प्रभूने मला दाखवले आहे," असे म्हटले. घरी आईच्या जिवाला घोर लागला आहे आणि ऐकले नाही तर देवाची आज्ञा मोडल्यासारखे होईल, ही तुला भीती आहे. लोक भोवती होते म्हणून मी तेव्हा बोललो नाही. प्रार्थना कर, असे तुला सांगायची गरज नाही. मला एवढेच विचारायचे आहे: हे वचनात, म्हणजे पवित्र शास्त्रात, कोठे आहे, असे तू त्यांना विचारलेस का?

सेवकाला असे विचारणे उद्धटपणाचे, असे तुला वाटले असेल. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७, वचन ११ काढ. प्रत्यक्ष प्रेषित पौल शिकवत असताना, हा म्हणतो ते तसेच आहे की काय, याचा शोध बिरुया गावचे लोक दररोज शास्त्रात घेत होते, आणि ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो. पौलाचे बोलणे जर तपासले गेले, तर तुझ्या डोक्यावर हात ठेवणाऱ्याचे का तपासू नये?

मी हे इतक्या तळमळीने लिहितो याचे कारण तुला माहीत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी मी एका मंडळीच्या पंचांमध्ये होतो. दोन तरुण विश्वासणाऱ्यांनी लग्नाची परवानगी मागितली आणि त्यांची घराणी पूर्वाश्रमीच्या वेगवेगळ्या जातींतली होती, एवढ्या एका कारणावरून ती नाकारण्यात आली. इतिवृत्ताच्या वहीत "मंडळीच्या रीतीस धरून नाही" असे वाक्य लिहिले गेले आणि त्याखाली पाचवी सही माझी आहे. गलतीकरांस पत्रातले, ख्रिस्तात तुम्ही सर्व एकच आहात, हे वचन मला तोंडपाठ होते. त्याच महिन्यात मी ते शब्बाथशाळेत मुलांकडून पाठ करून घेतले होते. तरी त्या टेबलाशी, हे कोठे लिहिले आहे, असे विचारायला माझी जीभ रेटली नाही. ती दोघे मंडळी सोडून गेली. मार्काच्या सातव्या अध्यायात, तुम्ही आपल्या संप्रदायाने देवाचे वचन रद्द करता, असे प्रभू परूशी या यहूदी धर्मपुढाऱ्यांना म्हणतो, ते आजही वाचताना मला ती वही दिसते.

त्यानंतर मी प्रत्येक सभेत वचन मागू लागलो. याने मंडळीची शांती घालवली, असे लोक म्हणाले, आणि पुढच्या निवडणुकीत मला वगळले. मला त्याचे वाईट वाटले नाही असे नाही, पण जी शांती माझ्या गप्प बसण्यावर उभी होती, ती गेली याचा पश्चात्ताप मी करणार नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या ज्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांनाच दोन वर्षांत त्यांनी स्पष्ट लिहिले, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर, दुसऱ्या पुरोहितांकडून येणारे सर्व काही देवाची आज्ञा म्हणून मी मानणार नाही. परक्या देशात, लहान मुलगी पदरी असताना आणि उपकाराखाली असताना हे लिहायला काय लागले असेल! पुढे त्या इब्री व ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. १९२२ साली त्या वारल्या आणि ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. रीत सांगणाऱ्यांशी त्या नुसत्या भांडत बसल्या नाहीत. वचन प्रत्येकीला स्वतः वाचता यावे म्हणून त्यांनी आयुष्य वेचले.

तुझा मित्र विचारतो, की शास्त्रातली पुस्तके मंडळीनेच ठरवली, मग मंडळी मोठी नाही का? अथनासियस या बिशपाने इ. स. ३६७ च्या पत्रात नव्या कराराची सत्तावीस पुस्तके मोजून दिली, हे खरे; पण सोनाराने सोने कसाला लावले, म्हणून ते त्याने घडवले असे होत नाही. त्याची दुसरी शंका अधिक अवघड आहे आणि ती मी टाळणार नाही. १५२९ साली जर्मनीत मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंगली हे धर्मसुधारक, दोघेही केवळ शास्त्र मानणारे, प्रभुभोजनाच्या वेळच्या "हे माझे शरीर आहे" या प्रभूच्या एका वाक्यावरून एकमत न होताच उठले. शास्त्र हाती असले तरी माणूस चुकतो. पण तिथे समोरच्या टेबलावर ल्यूथरने खडूने लिहिले ते वचनच होते, आणि दोघांच्या वादाचा निवाडा आजही आपण ते वचन पुन्हा वाचूनच करू शकतो. "मला दाखवले आहे" म्हणणाऱ्याचा निवाडा कसा करणार?

आता नोकरीचे. सोड किंवा सोडू नको, असे मी सांगणार नाही, कारण तेही वचनात नाही, आणि माझा शब्द तू त्या सेवकाच्या शब्दाच्या जागी बसवू नयेस. त्यांना पत्र लिही, नम्रपणे वचन माग, आणि ते जे वचन देतील त्याचा पूर्ण अध्याय वाच, एक ओळ नको. बुधवारी संध्याकाळी ये. येताना आईलाही घेऊन ये, आणि तुझे स्वतःचे पवित्र शास्त्र आण. मोबाइलवरचे नको, ज्यात पेन्सिलीने खूण करता येईल असे.

तुझा,
काका