तारली भरपूर असते, मग पर्ससीनला एवढा विरोध का?

तारली (सार्डिन मासा) थव्याने येते, वर्षभरात वाढते, मग पकडली तर बिघडलं कुठे, असं तुम्ही विचारलंय. बंदरावर एक दिवस उभे राहा, कळेल.

आमची रापण, मालवणकडची, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोराने ओढायचं जाळं. मेव्हणा मात्र पर्ससीनच्या, म्हणजे अख्ख्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, बोटीत भागीदार. एका ऑक्टोबरात त्यांना तारली अशी लागली की बोट काठोकाठ भरून आली. बंदरात तशाच भरलेल्या आणखी बोटी उभ्या. बर्फ संपलेला, लिलावात बोली लागेना. तारली तेलकट नि नाजूक, उन्हात बघता बघता पोटं फुटायला लागली. शेवटी फावड्याने ट्रक भरले आणि माल फिशमीलच्या (मासळीची भुकटी करणाऱ्या) कारखान्याला गेला, ते देतील त्या भावाने. ट्रकातून गळलेल्या तेलकट पाण्यावरून वळणावर मोटरसायकली घसरत होत्या. त्या दिवशी रापणीतली ताजी तारलीही कोणी विचारली नाही. भाव पडला की सगळ्यांचाच पडतो.

रात्री जेवताना मेव्हणा हसत म्हणाला, "तुमी दोर ओढीत रवा." ओढतोच. रापणीच्या दोराला हात लावणाऱ्या म्हाताऱ्यालाही वाटा मिळतो. पर्ससीनचं काम विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर. जाळ्याच्या तळाची कड्यांतली दोरी आवळली की थवा आत, पिल्लांसकट. तारली पावसाळ्यात अंडी घालते, म्हणजे पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठल्यावर सापडतात ती बोटभर पिल्लंच जास्त. महाराष्ट्राच्या 2016 च्या शासन आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठेवले. डिसेंबरनंतर किनाऱ्यावरून पर्ससीन बोटींचे दिवे मोजा आणि मग नियमाबद्दल बोला.

हां, सगळं खापर पर्ससीनवर फोडता येत नाही, हेही सांगतो. केरळात 2012 साली सुमारे 3.9 लाख टन तारली मिळाली होती, 2021 मध्ये जेमतेम 3,297 टन. शास्त्रज्ञ त्यात समुद्राच्या वाढत्या तापमानाचा आणि एल निनोचाही (पॅसिफिक महासागराचं पाणी तापून हवामान बदलतं त्याचा) वाटा धरतात. पण मासा आधीच कमी असताना पिल्लं उपसायची, हे कुठलं शहाणपण? केरळने 10 सेंटिमीटरखालची तारली पकडायला बंदी केली आहे.

तुम्ही पर्ससीनमध्ये पैसे घालायच्या विचारात असाल (प्रश्नाचा सूर तसा वाटतो), तर आधी डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार आणि बँकेचा हप्ता एका कागदावर मांडा. मेव्हण्याला मी तेव्हापासून हा कागद मागतोय. दर गणपतीला म्हणतो, पुढच्या खेपेला आणतो.