खेळाडू नसताना लीगच्या कमिशनरपदापर्यंत पोचता येतं का?

कधीच व्यावसायिक खेळ न खेळलेल्या माणसाला लीगच्या शिखरावर, म्हणजे कमिशनरच्या खुर्चीपर्यंत, जाता येतं का, आणि त्यासाठी एमबीए करावं की कायदा शिकावा, असा प्रश्न आहे. जाता येतं, अमेरिकेतल्या मोठ्या लीगांमध्ये तर हाच मळलेला रस्ता आहे. डेव्हिड स्टर्न बाहेरच्या लॉ फर्ममधून एनबीए या बास्केटबॉल लीगचं काम बघायचे, १९७८ मध्ये लीगचे मुख्य वकील झाले आणि १९८४ मध्ये कमिशनर. त्यांच्यानंतर आलेले अ‍ॅडम सिल्व्हरही वकीलच. अमेरिकन फुटबॉलची लीग असलेल्या एनएफएलचे रॉजर गुडेल अर्थशास्त्राचे. १९८२ ला इंटर्न म्हणून शिरले, २००६ ला कमिशनर झाले.

माझा कल कायद्याकडे आहे, कारण सगळा डोलारा दोन करारांवर उभा असतो: प्रक्षेपण हक्कांचा आणि खेळाडू संघटनेशी होणारा. हे दोन्ही एकमेकांत कसे अडकतात ते एनबीएत बघा. सॅलरी कॅप, म्हणजे एका संघाच्या खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा, ढोबळमानाने अशी निघते: अंदाजे उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा, वजा विमा-पेन्शनसारखे लाभ, भागिले संघांची संख्या. नवा टीव्ही करार लागू झाला आणि २०१६ मध्ये कॅप एका झटक्यात ७ कोटी डॉलरवरून ९.४१ कोटींवर गेली. वाढ टप्प्याटप्प्याने द्यावी हा लीगचा प्रस्ताव संघटनेने आधीच फेटाळला होता. परिणामी त्याच उन्हाळ्यात ज्यांचे करार संपले त्यांची चांदी झाली, आणि आधीच तगड्या असलेल्या गोल्डन स्टेट संघाला केव्हिन ड्युरंटसारखा स्टार खेळाडू घेता आला. आता कॅप वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू शकत नाही.

खेळाडू संघटनेशी झालेला हा करार जाहीर उपलब्ध आहे. तो वाचा, एक्सेलमध्ये कॅप मांडा, उत्पन्न ५ टक्क्यांनी कमी-जास्त करून काय हलतं ते बघा. मुलाखतीत खेळावरच्या प्रेमापेक्षा हे जास्त बोलतं.

पहिली नोकरी बहुधा क्लबच्या तिकीट विक्रीत मिळेल. घ्या, पण तिथेच रुजू नका. क्लबमध्ये एका संघाचं हित बघायची सवय लागते, लीगमध्ये सगळ्या मालकांना एकत्र ठेवायचं असतं. कमिशनरला नेमतात मालकच. एनएफएलमध्ये मोठ्या निर्णयांना ३२ पैकी २४ मतं लागतात, म्हणजे ९ मालक अडून बसले की प्रस्ताव बारगळला. त्यामुळे बैठकीआधी एकेकाला फोन करून मतं पक्की करणं हेच वरच्या खुर्चीचं रोजचं काम.