त्याला न सांगता इंजेक्शन देऊ नका

प्रिय ताई,

तुमच्या 26 वर्षांच्या मुलाला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी उन्मादात, कधी नैराश्यात जाण्याचा आजार. जरा बरं वाटलं की तो गोळ्या सोडतो, मग झोप उडते, पैसे उधळणं सुरू होतं. यंदा तर दोनदा ॲडमिट करावं लागलं. आता डॉक्टरांनी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवलंय आणि तुमच्या जाऊबाई म्हणतात, "ताकदीचं आहे म्हणून सांगा." तसं करू का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू, ताई. वरणातून, चहातून गोळी देणाऱ्या आया मायेपोटीच देतात, हे मला ठाऊक आहे. पण असं गुपित घरात टिकत नाही. एकदा कळलं की तो डॉक्टरांवरच काय, तुमच्या हातच्या चहावरही विश्वास ठेवणार नाही. शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, तो भानावर असताना उपचाराला होकार-नकार देण्याचा हक्क त्याचाच आहे.

इंजेक्शन मात्र चांगला पर्याय असू शकतो. औषध दंडाच्या किंवा कमरेच्या स्नायूत देतात, तिथून ते सावकाश रक्तात उतरत राहतं. ॲरिपिप्राझोलचं साधारण महिन्याला एक, रिस्पेरिडोनचं दर दोन आठवड्यांनी. "गोळी घेतलीस का?" ही रोजची कटकट बरीच कमी होते. माझ्या मते सर्वांत मोठा फायदा वेगळाच आहे: गोळ्या सोडल्याचं घरच्यांना आजार उसळल्यावर कळतं, इंजेक्शन चुकलं तर त्याच दिवशी कळतं.

पण सगळ्या गोळ्या सुटतील अशी आशा धरू नका. ही इंजेक्शनं उन्मादाचा झटका थोपवतात; नैराश्यावर त्यांचा तेवढा भरवसा नाही. म्हणून लिथियम (मनाचे चढउतार आवरणारी गोळी) चालू असेल तर ते आणि त्याच्या रक्ततपासण्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत. पहिल्या इंजेक्शननंतरही ॲरिपिप्राझोलच्या गोळ्या साधारण दोन आठवडे घ्याव्या लागतात. आणि एकदा टोचलेलं औषध काढून घेता येत नाही, म्हणून तेच औषध आधी गोळीच्या रूपात सोसतंय का ते बघतात.

आता एक सांगते. तो गोळ्या का सोडतो, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. वजन वाढलं? हात थरथरतात? आतून अशी तगमग होते की एका जागी बसवत नाही? की मित्रांसमोर गोळी काढायची लाज वाटते? लाज किंवा विसरणं असेल तर इंजेक्शनने प्रश्न सुटेल. त्रास औषधाचाच असेल तर तेच औषध इंजेक्शनमधून दिलं तरी तो होऊ शकतो; मग औषधच बदलायला हवं. हे त्याला विचारा, उपदेश न करता ऐका, आणि डॉक्टरांशी त्यालाच बोलू द्या.

तो बरा असतानाच त्याच्याकडून लिहून घ्या: पुन्हा आजार उसळला तर कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, त्याच्या वतीने कोणी बोलायचं. कायद्यात याची सोय आहे. रीतसर कसं करायचं ते डॉक्टरांना विचारा.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकू आली तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो. आणि सलग दोन रात्री तो तीन-चार तासच झोपून ताजातवाना दिसला, तर पुढच्या इंजेक्शनच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

तुमची,
ताई