नळाला वेळ आहे, मला नाही

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. मी विडी घरकुलात राहते, वय 39. शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात ज्यूकी मशीनवर आहे, नगावर पैसे. पावणेपाचला उठते. भाकऱ्या, तीन डबे, धुणं. साडेनऊ ते साडेसहा कारखाना, मार्च ते जून सीझनला रात्रीचे आठ. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात रातपाळीला असतात, सकाळी येऊन झोपतात, म्हणून घरात आवाज करायचा नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, ते पण कधी रात्री दोनला. मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी दहा. सासूबाईंनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. आता गुडघे गेलेत, पण बसल्या जागी भांडी घासतात. माझी मान आणि उजवा खांदा रात्री ठणकतो. तुम्ही मागच्या अंकात लिहिलं होतं, विश्रांती घ्या. कधी घेऊ तेवढं सांगा. एखाद्या रविवारी दुपारी पडले तर सासूबाई तोंडानं काही बोलत नाहीत, पण भांड्यांचा आवाज वाढतो. पडून पण पडल्यासारखं वाटत नाही. रात्री सगळे झोपल्यावर जरा मोबाईल बघते, साडेबारा वाजतात.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, ‘विश्रांती घ्या’ असं मी लिहिलं खरं, पण ते ‘जपून जा’ म्हटल्यासारखंच झालं. ऐकणाऱ्याच्या हातात त्यातून काही पडत नाही. तुमचा राग रास्त आहे. म्हणून या वेळी कागद-पेन घेऊन तुमच्या पत्राचा हिशेब मांडला.

साडेबारा ते पावणेपाच म्हणजे सव्वाचार तास झोप. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. रोजचे पावणेतीन तास कमी पडले, तर आठवड्याला 19 तासांच्या वर जातात, आणि पाण्याची रात्र मी यात धरलेलीच नाही. एवढी उधारी रविवारच्या एका दुपारी कशी फिटणार? मानेचं दुखणं, मुलांवर ओरडणं, शिलाई चुकून उसवत बसणं यातलं बरंचसं याच उधारीचं व्याज असणार.

मोबाईलवरून मी तुम्हाला बोलणार नाही. दिवसभरातला तेवढाच वेळ तुमचा स्वतःचा आहे, बाकी सगळा कारखान्याचा, चुलीचा, नळाचा. तो तुम्ही सगळ्यांची नजर चुकवून काढलेला असतो, म्हणूनच हातातून सुटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचं असंच होतं. पूर्वी मोबाईल नव्हता, तेव्हा सगळे झोपल्यावर नुसत्या उंबऱ्यावर बसून राहायच्या. पण हा वेळ तुम्ही झोपेतून कापून घेताय. तो उजेडी आणि सगळ्यांच्या देखत घ्यायचा, एवढंच माझं म्हणणं आहे. कसा, ते सांगते.

तुमच्या पत्रात एक गंमत आहे. पाणी दोनला आलं तरी तुम्ही उठता. पाण्याच्या दिवशी भाजी राहिली तर राहिली, पाहुणे आले तर पाहुण्यांच्या हातात पण कळशी जाते. उजनीहून शंभरएक किलोमीटर वाट तुडवत ते पाणी आपल्या नळापर्यंत येतं. ‘आज मला वेळ नाही, उद्या भरीन’ असं सोलापुरात कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. पाण्याची पाळी ठरलेली असते आणि बाकी घर तिच्या कडेनं सरकतं. तुमच्या घरात झोपेची तशी पाळी नाही. ती सगळं उरकल्यावर उरलं तर, अशी आहे, आणि तुमच्या घरात काही उरत नाही.

तर पहिली पाळी रात्री साडेदहाची. साडेदहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, उशीपाशी नाही. गजरासाठी शंभर-दीडशे रुपयांचं घड्याळ घ्या. सकाळी पावणेपाचच्या जागी सव्वापाच. पावणेसात तास झाले. ती सकाळची अर्ध्या तासाची भर कुठून निघेल? आठवड्यातले दोन दिवस डब्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आपल्या गावात ही सोय असताना रोज पहाटे परातीत थापत बसायची सक्ती कुणाची आहे? कडक भाकरी घरी करायचं म्हणाल, तर रविवारही गेला. विकत घ्या. बचतगटाच्या बायका करतात. पैसे जातील, मान्य. पण सीझनला झोपेच्या तारेत उसवायला लागणारे नगही मोजून बघा. धुणं दिवसाआड करा. मुलाची शाळेची पँट रोज धुतली नाही तर काही बिघडत नाही. तुम्हीच शिवता, तुम्हाला ठाऊक आहे ते कापड कसलं असतं.

दुसरं, पाणी. मुलगा चौदाचा आहे. मोटारीचं बटण दाबायला, पाइप पिंपात सोडायला आणि पिंप भरलं की बंद करायला चौदा वर्षं पुरतात. एक खेप त्याची, एक तुमची. शाळेची परीक्षा असेल तर त्याला सूट. पोरगा कुरकुर करेल, दोनदा पिंप वाहून जाईल, शेजारीण बोलेल. बोलू द्या.

तिसरी पाळी संध्याकाळची, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड हीच आहे. कारखान्यातून आल्यावर तुम्ही सरळ गॅसपाशी जाता, बरोबर? पिशवी खुंटीला आणि हात कणकेत. तसं करू नका. पंधरा मिनिटं बाहेर पायरीवर बसायचं. फोन नाही, निवडायला मेथी नाही, मुलीचा अभ्यास नाही. समोर रिक्षा जाताना बघा, कुत्रं बघा. हे विचारून करायचं नसतं. सांगून करायचं असतं, ‘सात ते सव्वासात मी पायरीवर आहे’. विचारलं की परवानगी झाली, आणि परवानगी कधीही काढून घेता येते.

आता भांड्यांचा आवाज. यावर जरा थांबते.

कन्ना चौकाजवळ माझा दवाखाना 31 वर्षं होता. विडी वळणाऱ्या बायका यायच्या, नंबर लागेपर्यंत बाकावर बसायच्या. पहिल्या वर्षी माझ्या ध्यानात आलं नाही, मग एकदा दिसलं आणि त्यानंतर दिसायचंच थांबलं नाही. बोलत असायच्या, जांभया देत असायच्या, आणि मांडीवर दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं बारीक बारीक हलत असायची. सूप नाही, पान नाही, तंबाखू नाही, तरी वळणं चालू. मजुरी हजारावर. हजार विड्या म्हणजे हजारदा पान कापायचं, हजारदा भरायचं, हजारदा वळायचं, हजारदा दोरा. त्यांच्या बोटांना ‘बस’ कुणी म्हटलंच नव्हतं. एकीला मी विचारलं, दुपारी झोपता का? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं होतं, दुपारी दारू पिता का.

तुमच्या सासूबाई त्यातल्याच आहेत. त्यांच्या हिशेबात दिवसा आडवी झालेली बाई म्हणजे आजारी नाहीतर आळशी. भांडी तुम्हाला टोचायला वाजतात असं मला वाटत नाही. स्वतःला कधी न मिळालेली गोष्ट समोर कुणीतरी उघड घेतंय, हे बघवत नाही, त्याचा तो आवाज आहे. येत्या रविवारी जेवणं झाली की तेलाची वाटी घेऊन त्यांच्यापाशी बसा. त्यांच्या बोटांना, तळव्यांना दहा मिनिटं तेल लावा. मग तिथंच दोन चटया टाका, एक त्यांना, एक तुम्हाला. भांडी चारला. पहिल्या रविवारी त्या उठून बसतील. तिसऱ्या रविवारी घोरतील. रोज दुपारी झोपायचं असेल तर वीस-पंचवीस मिनिटं पुरे, तीनच्या आत, नाहीतर रात्रीची झोप मोडते. रविवारी तुम्हाला तास दिला, तुमची उधारी मोठी आहे म्हणून.

रविवारवरून आठवलं. रविवारची सुट्टीसुद्धा कुणी आपण होऊन दिलेली नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना हाताशी धरून कित्येक वर्षं भांडून घेतली. मुंबईच्या गिरणी मालकांनी ती मान्य केली 10 जून 1890 ला. त्याच वर्षी महालक्ष्मीला झालेल्या कामगारांच्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. त्यांनीसुद्धा घरी जाऊन रविवारी गोधड्याच धुतल्या असतील, असं मला कधीकधी वाटतं. कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीचंही तसंच. पाच तासांपेक्षा जास्त सलग काम करून घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विसावा द्यायचा, हे 1948 च्या कारखाने कायद्यानंच घालून दिलं. नगावर पैसे आहेत म्हणून तुम्ही दहा मिनिटांत डबा संपवून पुन्हा मशीनवर बसत असणार. अर्धा तास पूर्ण घ्या. वीस नग कमी होतील ही भीती असते. आठ दिवस मोजून बघा आणि मला कळवा, मलाही उत्सुकता आहे.

खांद्यासाठी : बॉबिन संपली की नुसती बदलू नका, उठा. दोन्ही खांदे कानांपर्यंत उचला, पाच आकडे मोजा, सोडा. तीनदा. मग हनुवटी मागे घ्या, खिडकीतून लांबचं काहीतरी बघा. मिनिटभराचं काम. शिवताना हात हलतात, पण मान आणि खांदे एकाच जागी आवळून धरलेले असतात, आणि स्नायूला चालण्यापेक्षा असं धरून राहणं जास्त जड जातं. स्टूल बुटकं असेल तर खांदा वर चढतो. खाली घडी घालून पोतं टाका, कोपर मशीनच्या पाट्याच्या बरोबरीला यायला हवं. हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, तर मात्र पोत्यावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी एक रक्ततपासणी. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर ते कमीच. आठ असलेली बाई दहा तास झोपली तरी दमलेलीच उठते, आणि घरचे म्हणतात, झोपून झोपून सुस्त झाली. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, जेवणातलं लोह अंगी लागत नाही. संध्याकाळी पाचनंतर तर चहा नकोच. त्याची अर्धी तरतरी पाच-पाच तास रक्तात राहते.

मी हे शहाणपण सांगतेय, पण मी ते पुस्तकातून शिकले नाही. मुलगा लहान होता तेव्हा मी सकाळ-संध्याकाळ दवाखाना आणि मधल्या वेळात घर असं करायची. दुपारी बंद ठेवायचं मनातच आलं नाही, पेशंट काय म्हणतील! एका एप्रिलच्या दुपारी, बाहेर रस्ता भाजत होता, एका बाळाला ताप आला म्हणून औषध लिहून दिलं. अडीच मिली लिहायचं, टिंब राहिलं. 25 मिली. औषधाच्या दुकानातलं पोर चिठ्ठी घेऊन धावत परत आलं. ‘बाई, एवढं?’ इतकंच म्हणालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दाराला पाटी लागली, दुपारी दीड ते साडेचार बंद. पेशंट कमी झाले नाहीत. त्या पोराचं आता स्वतःचं दुकान आहे, आणि त्याच्या घरी माझ्याकडून दिवाळीचा फराळ जातो.

प्रश्न : मी 22 वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे 1600 मीटर पळतो, संध्याकाळी पुन्हा. एक दिवस पण सुट्टी नाही. नडगी दुखतेय आणि वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय. मित्र म्हणतात, थांबलास की संपलास.
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : बाळा, मित्रांना भरतीला जाऊ दे, तू थांब. पळताना ताकद वाढत नसते, झिजते. वाढते ती नंतर, खाऊन झोपल्यावर. तू तिला ते ‘नंतर’ ठेवलेलंच नाहीस. एक दिवस जोरात, दुसऱ्या दिवशी नुसतं चालणं नाहीतर गोळाफेकीचा सराव, आठवड्यात एक दिवस काहीच नाही. रोज दोनदा पळणं आजपासून बंद. नडगीच्या हाडावर बोट ठेवून बघ. दुखणं लांब पट्ट्यात पसरलेलं असेल तर दोन आठवडे पळणं सोडून बूट बदल, डांबर सोडून मातीत पळ. एकाच रुपयाएवढ्या जागी बोट लावताच कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग पळायचं नाही, एक्स-रे. सुरुवातीला एक्स-रेत ती दिसत नाही कधीकधी, म्हणून ‘काही नाही’ ऐकून लगेच मैदानात जाऊ नकोस.

प्रश्न : माझे वय 68, निवृत्त. पत्नी 64. ती सकाळपासून रात्री अकरापर्यंत एक मिनिट बसत नाही. मी वारंवार सांगतो, विश्रांती घे, तब्येतीला जप. ऐकत नाही. तिला कसे समजवावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सांगणं बंद करा. रात्रीची भांडी तुम्ही घासा. आवाज न करता.