४ हजार वाचवायला ३ लाख घरमालकाकडे ठेवावेत का?

वाचकाचा प्रश्न: मी नागपूरला मिहानमध्ये नोकरी करतो. घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. मनीषनगरात टू बीएचके फ्लॅट पसंत पडलाय. घरमालकाने दोन पर्याय दिलेत. एक, १४ हजार भाडं आणि ४२ हजार डिपॉझिट. दुसरा, १० हजार भाडं आणि ३ लाख डिपॉझिट. करार ११ महिन्यांचा. एफडीत ३ लाख ४० हजार आहेत, बाकी बचत नाही. महिन्याला ४ हजार वाचतात म्हणून दुसऱ्या पर्यायाकडे मन ओढतंय. बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. ती म्हणते, तिकडे भाडेकरूचं डिपॉझिट सरकारकडे जमा होतं, बुडत नाही. आपल्याकडे असं काही आहे का?

सल्ला:

तुमचं गणित चुकलेलं नाही, अर्ध्यावर थांबलंय. दुसऱ्या पर्यायात तुम्ही २ लाख ५८ हजार जास्त देता आणि वर्षाला ४८ हजार वाचवता. म्हणजे साडेअठरा टक्के परतावा. एफडीवर साडेसहा टक्के धरले तर याच रकमेवर वर्षाला १७ हजारांच्या आत व्याज येईल, त्यावर कर वेगळा. कागदावर दुसरा पर्याय सरळ जिंकतो.

पण मी इथे उलट्या बाजूने बघतो. साडेअठरा टक्के तुम्हाला मिळतायत, म्हणजे ते घरमालकाच्या खिशातून जातायत. ज्याच्या नावावर मनीषनगरात फ्लॅट आहे त्याने घरातलं सोनं तारण ठेवलं तरी याहून बऱ्याच कमी व्याजाने पैसे मिळतील. मग त्याला इतकं महाग कर्ज तुमच्याकडून का हवंय? कदाचित भाडं कमी दाखवून कर वाचवायचा असेल. कदाचित बँक त्याला दारात उभं करत नसेल. यातलं कोणतं कारण खरं, हे तुम्हाला ११ महिन्यांनंतरच कळेल.

हो, मी कर्जच म्हणतोय. डिपॉझिट म्हणजे घरमालकाला दिलेलं बिनतारणी कर्ज. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे. घरमालकाकडच्या ठेवीला तसलं काही नाही. फ्लॅटवर गृहकर्ज असेल आणि हप्ते थकले, तर बँक सरफेसी कायद्याखाली फ्लॅट ताब्यात घेऊ शकते. मग तुमचे ३ लाख त्या भिंतींकडून नाही, त्या माणसाकडून वसूल करायचे.

बहिणीचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, फक्त पैसे सरकारकडे जात नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २००७ पासून नेहमीच्या खासगी भाडेकरारात घेतलेलं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित करणं घरमालकावर बंधनकारक आहे, तेही ३० दिवसांत. एक तर रक्कम योजनेकडे ठेवायची, नाही तर स्वतःजवळ ठेवून तिचा विमा उतरवायचा. चुकला तर कोर्ट त्याला डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावतं. कपातीवरून वाद झाला तर योजनेतच फुकट निवाडा होतो. शिवाय इंग्लंडमध्ये २०१९ पासून साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट मागताच येत नाही.

आपल्याकडे? केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण तो राज्यांसाठी नमुना आहे, आणि महाराष्ट्रात भाडं नियंत्रण कायदा १९९९ चालतो. त्याच्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे तुमच्यासारख्या ठरावीक महिन्यांच्या कराराची, मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन तुम्हाला बाहेर काढू शकतो आणि तोवरची भरपाई दुप्पट भाड्याच्या दराने मागू शकतो. त्याच्यासाठी अशी वाट केलेली आहे. डिपॉझिट अडकलेल्या भाडेकरूला मात्र नोटीस, मग दिवाणी दावा, आणि तारखा. म्हणून ‘पैसे देत नाही तोवर घर सोडू नको’ हा कट्ट्यावरचा सल्ला तुम्हालाच महागात पडतो.

माझा स्वतःचा अनुभव रकमेने लहान आहे, पण सांगतो. लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या घरात मी खिडकीला कूलर लावला होता. नागपुरात मे महिना कूलरशिवाय कोण काढतं! घर सोडताना मालकाने खिडकीखालच्या भिंतीवर हात फिरवला, बोटाला लागलेला पोपडा मला दाखवला आणि पूर्ण खोलीच्या रंगाचे पैसे कापले. ती ओल आम्ही यायच्या आधीच्या भाडेकरूच्या कूलरची होती. फोटो नव्हता. अठरा हजारांतले अकरा परत आले. वरून म्हणाले, ‘पोरगा चांगला आहे म्हणून एवढेच कापले.’

तेव्हापासून माझा ठोकताळा एकच आहे: जेवढं डिपॉझिट शेवटच्या महिन्यांत राहून फेडून घेता येतं, तेवढंच आपलं समजायचं. हा ठोकताळा दोन्ही पर्यायांना लावून बघा. पहिल्यात शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं तर २८ हजार तिथेच फिटतात, घरमालकाकडे अडकून राहतात फक्त १४ हजार. दुसऱ्यात दोन महिन्यांचे २० हजार फिटतात आणि २ लाख ८० हजार लटकतात. ते सगळे राहून फेडायचे तर ३० महिने लागतील, करार आहे ११ महिन्यांचा.

आणि या जोखमीच्या बदल्यात मिळतं किती? अकरा महिन्यांची बचत ४४ हजार. एफडीचं बुडालेलं व्याज वजा जाता २८-२९ हजार. असा सौदा नऊ वेळा केला आणि एकदाच रक्कम बुडाली, तरी हिशेब शून्यावर. शिवाय तुमच्या बाबतीत ही फक्त गुंतवणूक नाही, तुमची सगळी अडीअडचणीची गाठ आहे. मुलीला उद्या दवाखान्यात ठेवावं लागलं तर घरमालकाला फोन करून ‘जरा ५० हजार द्या’ म्हणता येणार नाही.

तेव्हा पहिला पर्याय घ्या. घासाघीस करायचीच तर भाड्यावर करा, १३ हजारांवर येतात का बघा. डिपॉझिट तीन महिन्यांच्या वर नेऊ नका. एचआरएची, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्याची, काळजी फक्त जुन्या करप्रणालीत असाल तर. तिथे भाडं कमी झालं की सूटही कमी होऊ शकते, म्हणजे दुसरा पर्याय आणखी फिका.

आता करार. घरमालक म्हणतील, ‘अकरा महिन्यांचा तर आहे, नोटरी करून टाकू, नागपुरात कोण करते बा रजिस्ट्री!’ ऐकू नका. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही हा केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यातला नियम. महाराष्ट्रात भाडं नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार किती महिन्यांचा का असेना, लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी घरमालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क ४०० च्या आसपास, महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार, वर एजंटची फी. आधारवर अंगठा देऊन ऑनलाइन होतं. खर्चावरून अडत असतील तर अर्धा तुम्ही उचला.

पैसे बँकेतूनच द्या आणि व्यवहाराचा क्रमांक करारात लिहून घ्या. टोकन म्हणून रोख मागितलं तरी नाही. ज्यांच्या नावाची घराची टॅक्स पावती त्यांच्याच खात्यात, मुलाच्या किंवा जावयाच्या नाही. फ्लॅटवर कर्ज आहे का, हे सरळ विचारा. आणि हे वाक्य करारात जसंच्या तसं टाकायला सांगा: ‘दोन महिन्यांची लेखी सूचना दिल्यानंतर शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे अनामत रकमेतून वळते करण्यात येईल व उर्वरित रक्कम ताबा परत देतेवेळी त्याच दिवशी बँक खात्यात जमा करण्यात येईल. नेहमीच्या वापराने होणाऱ्या झिजेसाठी कपात करता येणार नाही.’ या वाक्यावर घरमालक किती खळखळ करतात, त्यावरून डिपॉझिट परत मिळण्याचा अंदाज आत्ताच येईल.

किल्ली हातात येईल त्या दिवशी, सामान आत नेण्याआधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून घरमालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. कूलरच्या खिडकीखालची भिंत जवळून घ्या, ओलीचा डाग दिसेल एवढी.