अमेरिकेतल्या छोट्या मालवाहू रेल्वे पन्नास वर्षं जुनी डिझेल इंजिनं भाड्याने का घेतात? ती भंगारात कधी जातात, आणि आपली जुनी इंजिनं तिकडे विकता येतील का?

आपल्याकडे डिझेल इंजिनाचं आयुष्य कागदावर ठरलेलं असतं, ३६ वर्षं. त्यामुळे हा प्रश्न पडणं साहजिक आहे. अमेरिकेत मालडब्यावर पन्नाशीनंतर निर्बंध येतात, इंजिनाला मात्र वयाची अट नाही. दर ९२ दिवसांनी तपासणी करायची, कॅबमधल्या कार्डावर सही करायची. त्यात पास झालं की पुढचे ९२ दिवस चालू. मी अशाच एका छोट्या रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे. १९७०च्या दशकातलं इंजिन आमच्याकडे ‘जुनं’ गणलं जात नाही.

मुळात या रेल्वेच उरलेल्या तुकड्यांवर उभ्या आहेत. रेल्वेवरचे सरकारी निर्बंध सैल करणाऱ्या १९८०च्या स्टॅगर्स कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना न परवडणाऱ्या शाखा विकून टाकणं सोपं झालं आणि त्या छोट्या लोकांनी चालवायला घेतल्या. आठवड्यातून दोन-तीन गाड्या, धान्य, खत, लाकूड. रूळ इतके थकलेले, की कित्येक ठिकाणी वेग ताशी १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर. अशा मार्गावर काही दशलक्ष डॉलरचं नवं इंजिन घेऊन करायचं काय?

म्हणून सगळ्यांना ‘जीपी-३८-२’ या मॉडेलचं जुनं इंजिन हवं असतं. चारच धुरा, त्यामुळे तीव्र वळणावर रुळांना त्रास कमी. २००० अश्वशक्ती, आणि टर्बो (जास्त हवा दाबून आत भरणारा पंखा) नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण टर्बो गेला की मोठा खर्च. एखादा सिलिंडर गेला तर लायनर, पिस्टन, हेड असा अख्खा संच बाहेर काढून दुसरा बसवायचा. आतलं अख्खं डिझेल इंजिन उतरवावं लागत नाही. सुटे भाग अजून मुबलक मिळतात.

भाड्याचं म्हणाल तर इंजिनावर लिहिलेली मालकाची अक्षरं बघा. शेवटी ‘एक्स’ असेल तर मालक रेल्वे नाही, दुसरीच कुणी कंपनी आहे. सुगीच्या दिवसांत चार महिने जादा इंजिन लागतं, तेवढ्यासाठी विकत कोण घेईल? एका प्रकारच्या करारात मालक फक्त इंजिन देतो, देखभाल तुमची. दुसऱ्यात दुरुस्ती मालकाची, पण भाडं जास्त. माझं मत विचाराल तर भाड्याचा आकडा सगळ्यात शेवटी वाचावा. आधी परत करतानाच्या अटी वाचाव्यात: चाकांची जाडी किती उरली पाहिजे, परत पोचवायचा खर्च कुणाचा, आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, फुटला तर कुणाचा. ब्लॉक फुटणं ही काल्पनिक भीती नाही. या इंजिनांत साधारणपणे अँटिफ्रीझ घालत नाहीत, साधं पाणी आणि गंजरोधक रसायन असतं. कडाक्याच्या थंडीत एकतर इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर पाणी काढून टाकायचं. पाणी गोठून ब्लॉक फुटायला एका रात्रीचा विसर पुरतो.

आता निवृत्ती. म्हातारं झालं म्हणून इंजिन कुणी काढत नाही. एक दिवस मोठं बिल समोर येतं, क्रँकशाफ्टचं किंवा मुख्य जनरेटरचं, आणि तेवढ्या पैशात बाजारात दुसरं चालू इंजिन मिळत असतं. मग पहिलं बाजूला उभं राहतं आणि त्याच्या चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटर, बोगी (खालचा चाकांचा सांगाडा), रेडिएटर हळूहळू इतरांना जातात. उरलेलं लोखंड भंगारवाल्याचं. म्हणजे हा निर्णय निम्मा बाजारभावाचा असतो. २०१७ नंतर मोठ्या कंपन्यांनी कमी गाड्यांत जास्त माल नेण्याचं धोरण घेतलं, शेकडो इंजिनं उभी केली, आणि जुन्या इंजिनांची चंगळ झाली. दुरुस्त करण्यापेक्षा बदलणं सोपं.

पण बिल टाळून इंजिन चालवत राहिलं की काय होतं, तेही सांगायला हवं. कॅनडातलं लाक-मेगँटिक गाव, ६ जुलै २०१३. जवळच उतारावर उभ्या ठेवलेल्या मालगाडीचं पुढचं इंजिन एका प्रादेशिक रेल्वेचं जुनं ‘सी-३०-७’ होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याची नीट दुरुस्ती करण्याऐवजी आत इपॉक्सीसारखा पदार्थ वापरला होता. तो टिकला नाही. टर्बोत तेल साचलं, आग लागली. अग्निशमन दलाने आग विझवून इंजिन बंद केलं. बाकीची इंजिनं आधीच बंद होती, त्यामुळे ब्रेकला हवा पुरवणारं काही उरलं नाही आणि ती हळूहळू उतरली. हातब्रेकही पुरेसे लावलेले नव्हते. कच्च्या तेलाचे ७२ टँकर-डबे असलेली गाडी उतारावरून गावात शिरली आणि ४७ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण सुरुवात त्या कामचलाऊ दुरुस्तीपासून झाली.

प्रदूषणाच्या नियमांनी हे चित्र अजून फारसं बदललेलं नाही. १९७३ आधी बांधलेली इंजिनं मूळ रूपातच ठेवली तर केंद्रीय नियमांतून जवळजवळ सुटतात. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये ठरवलं होतं, की २०३० पासून २३ वर्षं किंवा त्याहून जुनी इंजिनं राज्यात चालू द्यायची नाहीत. पण जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी केंद्राची परवानगी मागणारा अर्ज राज्यानेच मागे घेतला.

तुमचा शेवटचा प्रश्न: आपली डिझेल इंजिनं तिकडे जातील का? नाही. आपल्या दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर, त्यांचं १४३५. बोगी बदलून जमवायचं म्हटलं, तरी त्यांच्याकडे स्वतःचीच जुनी इंजिनं पडून आहेत. आपल्या इंजिनांना गिऱ्हाईक शेजारी आहे. मे २०२३ मध्ये भारताने बांगलादेशला २० ब्रॉडगेज डिझेल इंजिनं दिली. तिथे आपल्याच मापाचे रूळही आहेत.